देवाची मेंढरं आणि मामाची सही

आमच्यात मेंढरं मोजत न्हाईत. मोजली की कळप घटतो असं माझा आजा म्हणायचा. संध्याकाळी कळप जाळीच्या कुंपणात आला की मामा काठी टेकून तोंडाशी उभा राहतो आणि नुसता बघतो. एक जरी मागं राहिली तरी त्याला कळतं. "ती फाटक्या कानाची आली न्हाय की," म्हणतो आणि अंधारात परत फिरतो. आकडा त्याच्या तोंडून मी जन्मात ऐकला न्हाय. दुसरं एक हाय. मेंढरं कुणाची असं कुणी विचारलं तर 'माझी' म्हणायचं न्हाय. देवाची म्हणायचं. आपण नुसते राखणदार. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत हाय, गावात माहीत हाय, मंद्रूपच्या बाजारातल्या व्यापाऱ्यालापण माहीत हाय. पोलीस ठाण्याला तेवढं माहीत नव्हतं.

मी स्वतः मेंढरामागं जात न्हाय. मंद्रूपला बारावी केली, कशीतरी, आणि आता सोलापुरात एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. गणपतीत, गॅदरिंगला लोकांचे आवाज काढतो. हेडमास्तर, सरपंच, एसटीचा कंडक्टर, सगळे येतात. मामाचापण आवाज काढतो, पण मामासमोर न्हाय, कारण मामाच्या हातात कायम काठी असती.

गेल्या थंडीत मामाचा कळप एका बागायतदाराच्या रानात बसला होता. मेंढरं रात्रभर रानात बसवली की लेंड्यांनी रान तगडं होतं, म्हणून शेतकरी आमच्या लोकांना बोलवतात आणि बदल्यात ज्वारी देतात. ठरल्या तेवढ्या रात्री झाल्या. बागायतदार म्हणला, "अजून आठ रात्री बसव."

मामा म्हणला, "पुढच्या रानाला शब्द दिलाय मालक."

"माझ्या रानातनं मी सांगितल्याशिवाय कोण जात न्हाय."

"मेंढरं जात्यात की," मामा म्हणला आणि कळप हाकला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी मामा कळप घेऊन रस्त्यानं चालला होता. पोलिसांची गाडी आडवी आली. बागायतदारानं तक्रार दिली होती की सगळा कळप त्याचा हाय, मामा त्याचा पगारी गडी हाय आणि गडी कळप घेऊन पळालाय. पोलिसांनी मेंढरं जप्त केली आणि मामाला ठाण्यावर नेलं. कोकरं तेवढी वाचली. लहान कोकरं आमी दिवसा चरायला नेत न्हाय, बिऱ्हाडापाशी जाळीत ठेवतो, संध्याकाळी त्यांच्या आया येऊन पाजतात. त्या संध्याकाळी आया आल्या न्हाईत.

मामीचा फोन आला तसा मी दुकान टाकून मोटारसायकल मारली. ठाण्यावर पोचलो तर मामा भिंतीकडंच्या बाकड्यावर घोंगडं मांडीवर घेऊन बसलेला. समोर टेबलाजवळ खुर्चीत एक वकीलसाहेब. बागायतदाराचे. हातात चहाची बशी. प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करायची त्यांना सवय होती. "हं हं, काय आहे हवालदार, लवकर उरका," असं ते म्हणत होते आणि हवालदार उरकत होता.

मी हवालदाराला विचारलं, "साहेब, माझ्या मामाला कशासाठी आणलंय?"

"तू कोण?"

"भाचा."

"वकील हाय का तुमचा?"

"न्हाय."

"मग बस तितं."

मी बाकड्यावर बसलो. अर्धा तास गेला. वकीलसाहेबांना दुसरा चहा आला. मग हवालदारालाच काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं मला हाक मारली आणि मामाचा जबाब वाचून दाखवला. सदर इसमाने सदर मेंढ्या आपल्या मालकीच्या नसल्याचे कबूल केले असून सदर मेंढ्यांची संख्याही त्यास सांगता येत नाही. खाली मामाची सही. मोठी, गोल, ओळीच्या वर चढलेली.

मामाला मी हळूच विचारलं, "हे काय केलंस?"

"त्यानं विचारलं मेंढरं कुणाची, मी म्हणलं देवाची. म्हणला, म्हंजे तुझी न्हाईत? म्हणलं माझी कशी असतील साहेब."

"आणि सही?"

"सही येती का म्हणला. म्हणलं, येती की." मामाचा चेहरा तेवढ्यातपण जरा उजळला. रात्रशाळेत महिनाभर बसून तो सही शिकला होता आणि ती करायची संधी त्याला वर्षातनं एकदा मिळायची.

मामाला अंधार पडायच्या आत सोडलं. मेंढरं न्हाय सोडली. घरी जाळीतली कोकरं ओरडत होती. तुमी भुकेलं कोकरू ओरडताना ऐकलं नसंल तर सांगतो, तो आवाज मलापण काढता येत न्हाय. मामीनं शेजारच्या शेळीचं दूध आणलं, बाटलीला रबरी निपल लावून एकेकाच्या तोंडात धरलं. अर्धं तोंडात, अर्धं जमिनीवर. तिसऱ्या दिवशी एक कोकरू गेलं. मामानं ते घोंगड्यात गुंडाळून पुरायला नेलं. म्हंजे आता सगळा प्रश्न एवढाच होता: आया कधी येणार. खटला, अब्रू, ते सगळं नंतर.

त्यात मेंढरं कुटं ठेवलीत हेच कुणी सांगेना. मी ठाण्यावर तीनदा फोन केला. पहिल्यांदा म्हणले, ठाण्यावर ये. दुसऱ्यांदा म्हणले, साहेब न्हाईत. तिसऱ्यांदा नुसतं ठेवलं. मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. चौथ्यांदा मी मित्राच्या फोनवरनं लावला आणि घसा साफ केला.

"हं हं, काय आहे हवालदार, त्या मेंढ्यांचं काय केलंत?"

"साहेब, नमस्कार साहेब. तुमच्या पार्टीच्याच शेडात की साहेब. सांभाळायला दिल्यात त्यांच्याकडं. कागद झालाय साहेब. अजून काय हुकूम?"

मी फोन ठेवला. हसायला येत होतं. दहा सेकंदात तीन दिवसांचं काम झालं. मग हसणं गेलं. प्रश्न तोच होता, शब्दपण तेच. बदलला होता फक्त घसा. आणि ज्यानं चोरीची तक्रार दिली त्याच्याच शेडात आमची मेंढरं उभी होती.

एका वकिलाकडं गेलो. त्यांनी फी सांगितली. मामा स्वतःच्या पायताणाकडं बघत बसला. आमी उठलो. कोर्टाच्या आवारात झाडाखाली एक टायपिस्ट बसायचा, त्यानं आमचं तोंड बघून विचारलं, "पैसं न्हाईत न्हवं? मग सरकारी मोफत वकील मागा. जिन्याखालनं आत जावा. पाटी हाय, पण पाटीसमोर कपाट ठेवलंय."

खरंच कपाट होतं. त्याच्या मागं खोली, खोलीत एक बाई अर्ज घेत होत्या. अर्ज भरला, उत्पन्नाचा दाखला जोडला, आणि दुसऱ्या दिवशी आमाला वकील मिळाल्या. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. घरात तेलुगू, कोर्टात मराठी, रिक्षावाल्याशी दखनी. स्कूटीच्या डिकीत काळा कोट. मी त्यांना मॅडम म्हणायचो, मामा त्यांना बाय म्हणायचा.

आदल्या दिवशीच्या फोनची गोष्ट मी मॅडमना मोठ्या ऐटीत सांगितली, आवाजासकट. वाटलं हसतील.

त्या हसल्या न्हाईत. "नाव सांगितलंस का त्यांचं?"

"न्हाय. नुसता घसा."

"नुसता घसापण पुरतो गुन्ह्याला. उद्या मामाची मेंढरं सोडवू का तुझा जामीन करत बसू? परत केलंस तर मी हा कागद टाकून जाईन."

"न्हाय करत."

"आईची शपथ?"

"आईची."

मग त्यांनी मामाचा जबाब दोनदा वाचला. मला वाटलं आता ह्या म्हणणार, काका, अशी सही करतात का. त्या म्हणल्या, "पोलिसापुढं दिलेली असली कबुली कोर्टात धरत न्हाईत काका, सही असली तरी. ते सोडा. कोकरं कुटं आहेत?"

"जाळीत," मामा म्हणला.

"दूध?"

"शेळीचं. घेत न्हाईत नीट."

"दुसऱ्या मेंढीला लावून बघितलं?"

मामानं माझ्याकडं बघितलं, जणू बाईंनी सूर्य कुटं उगवतो विचारलं. "बाय, कोकरू आपली आई सोडून दुसरीकडं जात न्हाय. गेलं तर ती लाथ मारती. मेंढी वासावर असती. तिला तिचंच लेकरू लागतं."

मॅडमनी पेन उघडलं. "हे परत सांगा. हळू."

तारीख दुसऱ्याच दिवसाची मिळाली. मेंढरं खटला संपेस्तोवर कुणाच्या ताब्यात ठेवायची, एवढंच त्या दिवशी ठरणार होतं. मामाला ताप आल्यागत झालं. कोर्टाची त्याला एवढी भीती की म्हणला, मी येत न्हाय, ह्यालाच धाडा, हा माझा आवाज काढतो. म्हंजे त्याला माहीत होतं इतके दिवस.

मॅडमनी मला सांगितलं, "काय बोलायचं ते शिकवायचं न्हाय. खरं तेच बोलू दे. फक्त भीती घालव."

मग मी संध्याकाळी बिऱ्हाडापाशी पाण्याची टाकी पालथी घालून तिच्यावर बसलो आणि न्यायाधीश झालो. नंतर उठून हवालदार झालो. नंतर बागायतदाराचा वकील. मामा घोंगडं खांद्यावर टाकून समोर उभा. मी ओरडलो, तो गप. मी अजून ओरडलो, तो अजून गप. मामी चुलीपुढनं म्हणली, "अवो, तो आपला पोरगा हाय. त्याला भ्यायलाय काय तुमी? लहानपणी तुमच्या मांडीवर मुतलाय तो." त्यावर मामा हसला. चार दिवसांत पहिल्यांदा. तिथनं पुढं बोलायला लागला. रात्री जेवेपर्यंत तर मलाच उलट विचारायला लागला, "वकीलसाहेब, तुमी कवा कोकरू काढलंय का हातानं?"

कोर्टात सगळं आधी उलटंच गेलं. बागायतदाराच्या वकिलांनी घसा साफ केला, जबाब वाचला, म्हणले, कबुली आहे, सही आहे, मालक समोर आहे, अजून काय पाहिजे. मॅडम उठल्या, म्हणल्या, पोलिसापुढची कबुली ग्राह्य नाही, मालकीचा एक कागद तक्रारदाराकडं नाही. न्यायाधीशसाहेबांनी चष्म्यावरनं मामाकडं बघितलं.

"तुम्हीच सांगा. मेंढ्या कुणाच्या?"

मी मनात म्हणलं, मामा, आजच्या दिवस.

"देवाच्या," मामा म्हणला.

बागायतदाराचा वकील हसला. मागं बागायतदारपण हसला. मी मान खाली घातली. मॅडम हलल्या न्हाईत.

न्यायाधीशसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "देवाच्या. ठीक. मग देवानं कुणाकडं दिल्यात?"

"माझ्याकडं," मामा म्हणला. एकदम, न अडखळता. "माझ्या आज्याकडं होत्या, मग बापाकडं. आता माझ्याकडं. त्यांचं दुखलं-खुपलं मी बघतो, पावसात मी भिजतो. ह्या मालकाकडं देवानं ऊस दिलाय. मेंढरं न्हाय दिली."

मागं कुणीतरी खोकलं. मॅडम लगेच उठल्या. कोकरांचं सांगितलं: ती मामाच्याच जाळीत जन्मली, तक्रारीत त्यांचा शब्दपण न्हाय. चार दिवस उपाशी आहेत, एक मेलंय, आणि ती कुणाच्या मेंढ्यांची आहेत हे ती स्वतःच दाखवतील, जनावरांच्या डॉक्टरसमोर आणि पंचांसमोर सोडून बघा.

बागायतदाराचे वकील म्हणले, "हं हं, साहेब, आता कोकरं साक्ष देणार का?"

"देऊ द्या," न्यायाधीशसाहेब म्हणले. "त्यांना शपथ घालायला नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमी कोकरं एका छोट्या टेंपोत घालून बागायतदाराच्या शेडावर नेली. हवालदार होता, जनावरांचे डॉक्टर होते, गावचे दोन पंच, मॅडम, बागायतदाराचे वकील, आणि कुणी बोलवलं नसताना आलेलं अर्धं गाव. शेडाचं दार उघडलं आणि मामाचा चेहरा पडला. आमच्या मेंढरांच्या मानेवर पिवळी खूण असती. तिथली लोकर कातरलेली होती आणि प्रत्येकीच्या पाठीवर हिरवा पट्टा.

"बघा," बागायतदार म्हणला. "माझी खूण. वर्षानुवर्षं हिरवीच."

डॉक्टरांनी एका मेंढीच्या पाठीवर बोट घासलं, वास घेतला आणि ते हिरवं बोट हवालदारासमोर धरलं. "वर्षानुवर्षांचा रंग अजून वाळला न्हाय वाटतं तुमच्याकडं."

वर बागायतदारानं स्वतःची चार-दोन मेंढरंपण आत मिसळली होती. मॅडम म्हणल्या, "बरंच झालं. सगळी बाहेर काढा."

मेंढरं अंगणात आली. मी टेंपोचं फळकूट पाडलं.

पुढचं मला नीट सांगता येणार न्हाय, कारण सगळं एकदमच झालं. कोकरं उड्या मारत न्हाय, पडत उतरली. अंगात ताकद नव्हती. पण ओरडली, आणि समोरनं मेंढ्या ओरडल्या, प्रत्येकीचा आवाज वेगळा, आणि त्या गलक्यात प्रत्येक कोकराला स्वतःच्या आईचा आवाज बरोबर ऐकू गेला. एक काळं कोकरू पाच मेंढ्यांच्या पायांखालनं सरळ सहावीकडं गेलं आणि तिच्या कासेला असं डोकं मारायला लागलं की ती मागं सरकली. एक चुकून बागायतदाराच्या मेंढीपाशी गेलं. तिनं वास घेतला आणि शिंगं नसताना ढुशी दिली. गावातल्या एका म्हाताऱ्यानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. शेपट्या नुसत्या थरथरत होत्या. हवालदारानं टोपी काढून बगलेत धरली होती आणि तोंड उघडं टाकून बघत होता. मग त्याला कागद आठवला. तो बोटानं मोजायला लागला तसा मामा पाठ करून उभा राहिला.

एक मेंढी तेवढी एका कोकराकडनं दुसऱ्याकडं जात होती. वास घेत होती, पुढं जात होती. तिचं जाळीतच गेलं होतं. मामा तिच्याजवळ गेला, तिच्या कपाळावर हात ठेवून उभा राहिला. मॅडमनी ते बघितलं आणि डॉक्टरांना म्हणल्या, "हेपण लिहा."

अंगणात ज्यांना कुणी विचारलं न्हाय अशी चार-दोन मेंढरं एका कडेला कडबा खात उभी होती. डॉक्टर म्हणले, "तुमची ती, मालक. न्या आत."

बागायतदार ती हाकत आत गेला. त्याच्या वकिलानं घसा साफ केला, पण पुढं वाक्य आलं न्हाय.

दुपारी न्यायाधीशसाहेबांनी अहवाल वाचला आणि मेंढरं मामाच्या ताब्यात द्यायचा हुकूम केला. ताब्याच्या कागदावर सही करताना मामानं आधी मॅडमला विचारलं, "बाय, ह्यात काय लिवलंय?" मॅडमनी एक एक ओळ वाचून दाखवली. मामानं दोन ओळी परत वाचायला लावल्या. कोर्टातला कारकून घड्याळाकडं बघत होता. मामानं त्याला बघू दिलं. खोट्या तक्रारीची चौकशी झाली, मामावरची केस बंद झाली, त्याला पुढं काही महिने गेले. त्यातल्या प्रत्येक तारखेला मॅडम आल्या. मध्ये एकदा मी विचारलं, "तुमाला ह्यातनं मिळतं तरी काय?" म्हणल्या, "सरकार देतं, उशिरा. पण त्या कोकरांचा व्हिडिओ पाठव मला. तुझ्या फोनमध्ये असंल की."

पण ते नंतरचं. त्या दिवशी ऊन उतरायच्या आत आमी कळप घेऊन निघालो. मामा पुढं, मी मागं, कोकरं मधी. मी शाळेपासनं कळपामागं चाललो नव्हतो, पायात दुकानातले बूट. डांबरी रस्ता अरुंद, दोन्ही कडेला ऊस, आणि मेंढरं रस्ता भरून. मेंढ्यांना घाई नव्हती. मधेच एखादं कोकरू थांबून प्यायचं, की त्याच्या आईमागची सगळी थांबायची.

मागनं गाडीचा हॉर्न वाजला. वळून बघितलं तर पांढरी गाडी, स्टेअरिंगवर वकील, शेजारी बागायतदार. हॉर्न परत वाजला. मग परत, लांब.

मी मामाला ओरडून विचारलं, "एका कडेला घेऊ का?"

मामानं मागं बघितलं. गाडी बघितली. समोर एक कोकरू गुडघे टेकून आईला लागलं होतं, शेपूट हलत होतं.

"पिऊ दे की," मामा म्हणला. "पाच दिवसांची भूक हाय. दम धरतील ते."

वकीलसाहेबांनी काच खाली केली. मला वाटलं आता घसा साफ करतील. पण त्यांनी नुसतं इंजिन बंद केलं.